शिळ्या निकालाला ऊत

रविवारी दुपारी जेवणं झाली की सज्जन माणसं झोपतात, पत्ते कुटतात, फार तर एखादा जुना क्रिकेटचा सामना बघतात. १९८३ च्या विश्वचषकाचा अंतिम सामना कितीदाही बघणाऱ्याला आपल्याकडे कुणी वेडा म्हणत नाही. उलट शेजारी बसून 'आता बघ, आता कपिल मागे पळत जाऊन रिचर्ड्सचा झेल घेतो' असं सांगणारा एक जण मिळतोच. मी मात्र १३ मे २००४ ची मतमोजणी पुन्हा बघायला बसलो की घरचे लोक एकमेकांकडे बघतात आणि आवाज खाली आणून बोलू लागतात.

व्यसन जडलं ते झोपेपायी. एका रात्री झोप येईना म्हणून मोबाइलवर ताज्या बातम्या लावल्या. होती नव्हती तीही झोप उडाली. मग उतारा म्हणून शिळ्या बातम्या लावल्या, तर यूट्यूबनं १९९९ ची मतमोजणी पुढे केली. ती संपते न संपते तोच '१९९८ बघणार का?' म्हणून विचारणा. १९९८ नंतर १९९६. पहाटे मला कळलं की देवेगौडा पंतप्रधान झाले आहेत आणि आपल्याला नऊच्या आत बँकेत पोचायचं आहे. तेव्हापासून यूट्यूबची खात्री पटली आहे की या मोबाइलचा मालक किमान ऐंशीचा असावा. मला गुडघ्याच्या तेलाच्या आणि उजेड पाडणाऱ्या काठीच्या जाहिराती येतात.

शिळ्या निकालाचं मोठं सुख असं की त्यात धोका नसतो. रक्तदाब वाढत नाही, मेहुण्याशी भांडण होत नाही. आणि मुख्य म्हणजे स्टुडिओतले सगळे तज्ज्ञ धरूनही त्या कार्यक्रमातला सर्वात हुशार माणूस मी असतो. तिकडे संख्याशास्त्राचे प्राध्यापक, राजकीय संपादक, माजी निवडणूक अधिकारी कपाळाला आठ्या घालून 'काही सांगता येत नाही' म्हणत असतात, आणि इकडे मी लुंगीत बसून, शेंगदाणे खात, अचूक आकडा सांगतो. घरात ही संधी एरवी मिळत नाही.

बायकोला हे पटावं म्हणून मी थेट इंग्लंडचा दाखला दिला.

"बीबीसीच्या संसद वाहिनीवर जुन्या निवडणुकांच्या अख्ख्याच्या अख्ख्या रात्री पुन्हा दाखवल्यात. १९७९ ची थॅचरबाईंची, १९९७ ची ब्लेअरची. लोक बसून बघतात."

"तिकडे सारखा पाऊस असतो. माणसं जाणार कुठे?" ती म्हणाली. "इथे ऊन पडलंय. कोथिंबीर आणा."

न्यू जर्सीच्या भाच्याला हा छंद समजल्यावर त्यानं तिथला माल पाठवला: नोव्हेंबर २००० ची रात्र, बुश विरुद्ध गोर. अमेरिकन वाहिन्यांनी फ्लोरिडा आधी गोरना देऊन टाकलं. मग परत घेतलं. मध्यरात्र उलटल्यावर बुशना दिलं. पहाटे तेही परत घेतलं. इतक्या वेळा तर आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीनंही राजीनामा परत घेतलेला नाही. महिनाभर मोजणी, कोर्टकज्जे वगैरे होऊन शेवटी बुश ५३७ मतांनी आले. भाचा म्हणाला, "मामा, बघ, इथेही आपल्यासारखंच." परदेशात राहणाऱ्या माणसाला इतकं समाधानानं बोलताना मी क्वचित ऐकलं आहे.

पण खरा रस दूरदर्शनच्या काळातल्या निवडणुकांत. तेव्हा मतं कागदावर आणि वाहिनी एकच. मोजणी दोन-दोन, तीन-तीन दिवस चालायची. आजच्या पोरांना हे सांगितलं की ती विचारतात, "मग तीन दिवस दाखवायचे काय?" सिनेमे दाखवायचे! निकालांच्या मधल्या वेळात दूरदर्शन एकामागून एक हिंदी सिनेमे लावायचं. एरवी आठवड्याला एक सिनेमा मिळणाऱ्या देशाला हा लोकशाहीचा केवढा मोठा फायदा वाटायचा! आमच्या आळीत लोकसभा मुदतीआधी विसर्जित झाली की बायकांच्या चेहऱ्यावर आनंद दिसायचा. अडचण एवढीच की नायकानं खलनायकाची कॉलर धरली की पडदा बदलायचा आणि ओडिशातल्या एखाद्या मतदारसंघाचा कल सांगितला जायचा. परत येईपर्यंत खलनायक तुरुंगात गेलेला असायचा. माझ्या आईला १९८९ च्या निवडणुकीचं आजही एकच दुःख आहे. काँग्रेस १९७ वर अडली आणि विश्वनाथ प्रताप सिंह पंतप्रधान झाले, ते सोडून द्या. "त्या हरवलेल्या भावाला आई कशी ओळखते ते मला कळलंच नाही," ती अजून म्हणते. "तेवढ्यात मेले बिहारला गेले."

१९८४ पासून दूरदर्शनवर प्रणय रॉय आणि विनोद दुआ ही जोडी निकाल समजावून सांगू लागली. प्रणय रॉय इंग्रजीत 'स्विंग' सांगायचे आणि विनोद दुआ हिंदीत त्याची गंमत करायचे. आम्हाला दोन्ही भाषा बेताच्या येत असल्यामुळे आम्ही दाढीवर विश्वास ठेवायचो. इतक्या टक्के मतं इकडून तिकडे गेली तर इतक्या जागा पालटतात, हे गणित आईनं तेव्हा जे आत्मसात केलं ते कायमचं. पुढे अनेक वर्षं दुधाचा रतीब एका गवळ्याकडून दुसऱ्याकडे गेला तरी ती म्हणायची, "वाड्यात तीन टक्के स्विंग आहे."

या काळातली सरळ, पूर्ण चित्रफीत मिळणं हे मात्र नशिबाचं काम. कुणीतरी घरच्या व्हीसीआरवर टेपलेली असते आणि टेप महाग असल्यामुळे ती कुटुंबानं एकत्र वापरलेली असते. १९९१ ची म्हणून मी एक फीत मोठ्या आशेनं लावली. उत्तर प्रदेशातले कल येऊ लागले, तज्ज्ञ पुढे सरसावले, 'यावरून एक गोष्ट स्पष्ट होते की' असं म्हणाले आणि पडद्यावर कुणाचा तरी साखरपुडा सुरू झाला. तो मी पूर्ण बघितला. आता बंद कसा करणार? मुलीकडचे लोक नाराज दिसत होते आणि पुढे काय होतं याची उत्सुकता होती. नवी दिल्लीत अडवाणींनी राजेश खन्नाला १५८९ मतांनी हरवलं, हे मला पाठ आहे. त्या साखरपुड्याचा निकाल मात्र आजतागायत जाहीर झालेला नाही.

१९८४ चे तुकडे बघताना माझी अवस्था फारच बिकट होते. इंदिराजींच्या हत्येनंतरची ती निवडणूक. काँग्रेस ४०० च्या पलीकडे, भाजपला अवघ्या २ जागा. ग्वाल्हेरला अटलबिहारी वाजपेयी माधवराव शिंद्यांकडून हरलेले, अलाहाबादला बहुगुणा अमिताभकडून. आणि भाजपच्या त्या दोनपैकी एक जागा हणमकोंड्याची. तिथे पडले कोण, तर काँग्रेसचे नरसिंह राव! बरं तर बरं, ते आपल्या रामटेकमधूनही उभे होते आणि तिथून निवडून आले. म्हणजे त्या एकाच मोजणीत देशाचे हे दोन भावी पंतप्रधान आपटलेले आहेत आणि हे सबंध स्टुडिओत कुणालाच ठाऊक नाही. ठाऊक आहे फक्त मला. असं गुपित पोटात ठेवणं सोपं नसतं.

"अटलजी, मनाला लावून घेऊ नका," मी टीव्हीला म्हणालो. "बारा वर्षं थांबा. आधी तुमचं सरकार १३ दिवसांसाठी येईल, मग १३ महिन्यांसाठी. मग एका मतानं पडेल. पण त्यानंतर चांगलं आहे."

"त्यांना ऐकू जात नाही," आतून बायकोचा आवाज आला. "मला जातं. गॅस बंद करा."

तळमजल्यावर एक निवृत्त नायब तहसीलदार राहतात. आयुष्यभर मोजणीच्या टेबलावर घालवलेला माणूस, म्हणून एकदा त्यांना मुद्दाम बोलावलं. तर त्यांचं निकालाकडे लक्षच नाही. मोजणी केंद्राचं दृश्य आलं की ते ओरडायचे, "थांबवा! मागे घ्या! बघा, गठ्ठ्याला रबर लावलेलं नाही!" त्यांच्या मते लोकशाही कुठे टिकत असेल तर ती रबरावर. आधी सगळ्या केंद्रांच्या मतपत्रिका एकमेकींत कालवायच्या, म्हणजे कुठल्या गावानं कुणाला दिलं ते कळायला नको. मग उमेदवारवार लावायच्या, गठ्ठे बांधायचे. एखाद्यानं दोन चिन्हांच्या बरोबर मधे शिक्का मारलेला असायचा. त्या एका मतपत्रिकेभोवती दोन्ही पक्षांचे प्रतिनिधी भिंगं घेऊन तासभर भांडायचे.

"१९९६ ला बेळगावात लोकसभेला ४५६ उमेदवार होते," ते म्हणाले. "एकीकरण समितीनं उभे केलेले. सीमाप्रश्नाकडे लक्ष वेधायचं म्हणून."

"वेधलं गेलं का?"

"दिल्लीचं माहीत नाही. मोजणाऱ्यांचं गेलं."

त्यानंतर अनामत रक्कम ५०० वरून १० हजार झाली आणि असली सामुदायिक उमेदवारी आटोक्यात आली. पुढे २००४ ला सगळीकडे यंत्रं आली. या गोष्टीचा त्यांना अजून राग आहे. "तीन दिवसांचं काम दुपारच्या जेवणाआधी संपायला लागलं. भत्ता गेला, चहा गेला. आम्ही काय नुसतं बटण दाबून शिटीच ऐकायची का?"

तर २००४. माझ्या संग्रहातला हा कोहिनूर. 'इंडिया शायनिंग'चा जमाना. मतदानोत्तर चाचण्यांनी वाजपेयी सरकार परत आणून ठेवलेलं. सकाळी स्टुडिओत सगळे इस्त्रीचे कपडे घालून प्रसन्न बसले आहेत. देशाची भरभराट लोकांना कशी भावली आहे, हे आकड्यांसकट सांगताहेत. मग कल यायला लागतात. मी इथे फीत वारंवार थांबवतो, कारण माणसाचा चेहरा आणि माणसाचं वाक्य वेगवेगळ्या दिशांना जाताना इतकं स्पष्ट दुसरीकडे कुठे दिसत नाही. 'हे सुरुवातीचे कल आहेत' हे वाक्य तासभर टिकतं. मग 'शहरी भागाची मोजणी अजून व्हायची आहे'. मग शहरी भागाचीही होते: मुंबईत लोकसभेचे अध्यक्ष मनोहर जोशी पडतात, पाच वेळा निवडून आलेले राम नाईक गोविंदाकडून हरतात. यानंतर छोटी जाहिरात होते. आणि जाहिरातीनंतर चमत्कार! तेच तज्ज्ञ, त्याच खुर्चीत, त्याच टायमध्ये, काँग्रेसचं येणं कसं अटळ होतं हे समजावून देत असतात. सकाळी ज्या शायनिंगमुळे सरकार येणार होतं, दुपारी त्याच शायनिंगमुळे ते गेलेलं असतं. माणसाला कपडे बदलायलाही याहून जास्त वेळ लागतो.

आता या पवित्र क्षणी, काँग्रेस १४५, भाजप १३८ असा आकडा पडद्यावर असताना, मी फीत थांबवून पाणी प्यायला उठलो आणि वरच्या मजल्यावरचे काका पेपर परत द्यायला आले. चष्मा घरी विसरलेला. त्यांना मोठे आकडे तेवढे दिसले.

"अरे! हे कधी झालं?"

मी स्वयंपाकघरातून ओरडलो, "कधीचंच झालं, काका!"

काका चहा न घेताच गेले. काका चहा न घेता गेले, तेव्हाच मला संशय यायला हवा होता. अर्ध्या तासात सोसायटीच्या व्हॉट्सअॅप गटावर सरकार पडलं. फेरनिवडणूक, फुटलेले खासदार, काय काय तर्क लढले! पण मला भारावून टाकलं ते पुढच्या निरोपांनी. 'मला कालपासूनच वाटत होतं.' 'मी तर बायकोला सकाळीच बोललो होतो.' 'महागाई बघता हे होणारच होतं.' 'आमच्या गावाकडे वारं कधीच फिरलं होतं.' न पडलेलं सरकार का पडलं याची कारणं द्यायला एकालाही अडचण आली नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या एका सद्गृहस्थांनी तर जिल्हानिहाय विश्लेषण टाकलं. मी खुलासा केला तेव्हा क्षणभर शांतता पसरली. मग पहिला निरोप आला तो त्यांचाच: 'तरीच! मी म्हणतच होतो, असं होणं शक्यच नाही.' त्याला सात अंगठे मिळाले.

त्या दिवसापासून स्टुडिओतल्या तज्ज्ञांबद्दल माझ्या मनात माया उत्पन्न झाली. बिचारे आपल्यासारखेच. फरक इतकाच की त्यांचं बोलणं कुणीतरी टेप करून ठेवतं.

मुलीला या सगळ्यात रस नव्हता, पण २०१९ च्या विधानसभेच्या फितीनं तीही बाटली. २४ ऑक्टोबर. भाजप १०५, शिवसेना ५६, बेरीज १६१, बहुमताला लागतात १४५. हिशेब इतका सरळ की पहिलीतल्या पोरानं सरकार बनवलं असतं. गुलाल उधळला जातोय, पेढे भरवले जाताहेत. आणि मला पुढचं सगळं माहीत आहे: १२ नोव्हेंबरची राष्ट्रपती राजवट, २३ तारखेचा तो 'पहाटेचा' शपथविधी (सकाळी आठच्या सुमाराला होऊनही पहाटेचा, आमच्या मुलीला ही वेळ पटली), आणि २८ ला शिवाजी पार्कवर तिसरंच सरकार. 'पेढे सगळे वाटू नका, थोडे ठेवा!' असं मी ओरडतो. कुणी ऐकत नाही.

या फितीवर मुलीनं एक खेळ शोधून काढला. चर्चेची चौकट आली की थांबवायचं आणि प्रत्येक चेहऱ्यावर बोट ठेवून विचारायचं, "हा आता कुठे?" पक्ष बरोबर सांगितला तर एक गुण. मधले सगळे मुक्काम क्रमानं सांगितले तर तीन. जो माणूस होता तिथेच सापडेल त्याला ओळखणाऱ्याला दहा गुण, कारण तसा प्रश्न क्वचित येतो. फितीत जे दोघं एकमेकांना 'तुमची संस्कृती महाराष्ट्रानं बघितली आहे' असं बोटं नाचवून सांगत असतात, ते आज एकाच व्यासपीठावर एकमेकांना पुष्पगुच्छ देतात आणि ज्यांच्या बाजूनं भांडले ते समोर असतात. खेळ चालू असतानाच एकानं पक्ष बदलल्यामुळे आमच्यात गुणांवरून जोरदार वाद झाला. शेवटी 'खेळ सुरू झाला त्या वेळची स्थिती ग्राह्य' असा नियम करावा लागला. पक्षांतरबंदीचा कायदा करणाऱ्यांचे किती हाल झाले असतील, याची मला त्या दिवशी कल्पना आली.

गोरेगावचे मेहुणे आले की मात्र मी ४ जून २०२४ ची फीत लावत नाही. त्यांच्या वायव्य मुंबईत लोकसभेचा निकाल अवघ्या ४८ मतांनी लागला, आणि मतदानाच्या दिवशी ते सहकुटुंब, सहपरिवार अलिबागला होते. एकदा चुकून लागली, तर ते पडद्याकडे बघत हिशेब करू लागले. "मी, ही, दोन पोरं, साडू, त्याची माणसं..."

"किती झाले?"

"अकरा. तरी ३७ नी पडलाच असता," ते सुटकेचा निःश्वास टाकून म्हणाले. अपराधाची इतकी नेमकी वजाबाकी मी दुसरी पाहिलेली नाही.

या सगळ्या अभ्यासाचा उपयोग खऱ्या मतमोजणीला होईल अशी माझी कल्पना होती. २३ नोव्हेंबर २०२४ ला, विधानसभेच्या निकालाच्या दिवशी, मी सकाळी सातलाच अंघोळ करून टीव्हीपुढे बसलो. आठला टपाली मतं सुरू झाली. वार्ताहर कानात बोट घालून 'आवाज येतोय का माझा?' विचारू लागले. पहिल्या कलाला मी सवयीनं रिमोट उचलला आणि फीत पुढे ढकलायचं बटण दाबलं. काही हललं नाही. पुन्हा दाबलं. निवेदिका होती तिथेच होती आणि 'काही सांगता येत नाही' म्हणत होती. मला दरदरून घाम फुटला. पुढचं काहीच माहीत नाही, आणि माणसं हे असं दर निवडणुकीला सहन करतात!

तेवढ्यात आई बाहेर येऊन बसली.

"काय रे, तू एवढा बघतोस. कोण येणार?"

"आई, अजून नुसते कल आहेत. काही सांगता येत नाही."

बायकोनं तिच्या हातात चहाचा कप दिला आणि शांतपणे म्हणाली, "आई, यांना आत्ता विचारू नका, संध्याकाळी विचारा. संध्याकाळी यांना सकाळपासून माहीत असेल."